यहुदी व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातली, आहे. आजोबांचं गाव अलिबागजवळ, घर ठाण्यात, भाषा मराठी. त्यामुळे ‘आम्हाला यहुदी होता येईल का?’ हा प्रश्न माझ्याकडे मराठीतच येतो. कुणाचं एखाद्या यहुदी मुलावर किंवा मुलीवर प्रेम असतं. कुणी इस्राएलमध्ये वृद्धांची देखभाल करायला गेलेलं असतं आणि तिथला शुक्रवार संध्याकाळचा दिवा मनात घर करून बसलेला असतो. कुणी वर्षानुवर्षं तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, वाचत आलेलं असतं. मी रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही आणि निर्णय माझ्या हातात नाही. पण एवढ्या वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

जन्माने यहुदी नसलेल्या माणसाला यहुदी होता येतं का?

हो. या प्रक्रियेला गियुर म्हणतात आणि असा प्रवेश घेणाऱ्याला गेर. वंश, रंग, देश, जात यांपैकी कशाचीही आडकाठी नाही. दावीद राजाची पणजी रूथ ही मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशातली होती. सासूबरोबर निघताना ती म्हणाली, ‘तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव.’ तिची गोष्ट आम्ही दरवर्षी शाबुओथच्या, म्हणजे तोरा मिळाल्याच्या, सणाला वाचतो.

तिच्या बोलण्यात आधी लोक येतात आणि मग देव, हे लक्षात घ्या. ‘धर्मांतर’ या मराठी शब्दाने इथे थोडी फसगत होते. त्यातून असं वाटतं की एक मत सोडायचं, दुसरं धरायचं, झालं. गियुरला जवळचा शब्द मला ‘दत्तक जाणं’ हा वाटतो. दत्तक गेलेल्या मुलाचं घर बदलतं, पूर्वज बदलतात, सुतक कुणाचं पाळायचं तेसुद्धा बदलतं. तालमूद या आमच्या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की गेर हा नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा. पुढचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून सुटतात.

मग रब्बी आधी नकार का देतात? मला तर तीन पत्रांना उत्तरच आलं नाही.

वाईट वाटून घेऊ नका. रूथच्या गोष्टीत सासू नाओमी सुनांना तीनदा ‘परत जा’ म्हणते, त्यावरून आलेल्याला तीनदा परत पाठवण्याची प्रथा पडली. सगळेच रब्बी ती अक्षरशः पाळत नाहीत, पण पहिल्या भेटीत कुणी पायघड्या घालणार नाही हे नक्की.

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे यहुदी धर्माच्या दृष्टीने देवाला प्रिय व्हायला यहुदी असण्याची गरजच नाही. नोहाच्या वंशजांसाठी म्हणजे सगळ्या मानवजातीसाठी सात आज्ञा आहेत. मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, व्यभिचार, चोरी, जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाणं हे वर्ज्य, आणि न्यायालयं स्थापन करणं कर्तव्य. एवढं पाळणारा माणूस सज्जन ठरतो. यहुद्याच्या अंगावर मात्र ६१३ आज्ञा येतात. २४८ करायच्या, ३६५ टाळायच्या. जेरुसलेमचं मंदिर उभं नसल्याने त्यांतल्या बऱ्याच आज लागू नाहीत, तरी उरतात त्या कमी नाहीत. जो आज निर्दोष आहे, त्याला उद्या दोषी ठरेल अशा जागी नेऊन बसवायची घाई कशाला?

दुसरं कारण इतिहासाचं. आलेल्याला काय विचारावं ते तालमूदच्या यबामोथ या भागात लिहून ठेवलंय. ‘इस्राएलचे लोक आज गांजलेले, छळलेले आहेत, हे तुला ठाऊक नाही का? मग तू का आलास?’ तो म्हणाला, ‘ठाऊक आहे, आणि माझी तेवढीही लायकी नाही,’ तर त्याला लगेच घ्यावं. पुढे हेही सांगितलंय की त्याला काही हलक्या आणि काही जड आज्ञा समजावाव्यात, पण फार छळू नये, फार काटेकोर होऊ नये. दार लोटलेलं असतं, पण कडी लावलेली नसते.

नेमकं करावं काय लागतं?

तीन जणांच्या बेथ दीनसमोर, म्हणजे धर्मन्यायालयासमोर, मित्सवोथ अर्थात आज्ञांचा भार स्वीकारायचा. पुरुषाची सुंता. आणि स्त्री-पुरुष दोघांनाही मिकवेत स्नान. कागदावर एवढंच. खरं काम त्याआधीच्या वर्ष-दोन वर्षांत असतं.

सुंता आधीच झालेली असेल तर?

तर एक थेंब रक्त काढण्याचा छोटा विधी होतो. झालेली नसेल तर मोठ्या माणसाची सुंता ही शस्त्रक्रियाच आहे. आज ती भूल देऊन, डॉक्टरांच्या हातून किंवा देखरेखीखाली, धार्मिक नियम सांभाळून होते. स्वतःच आधी उरकून जाऊ नका, बेथ दीनला विचारा.

मिकवे म्हणजे काय? तिथे काय घडतं?

मिकवे म्हणजे नैसर्गिक पाण्याचं कुंड. पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी, नळाने भरलेलं नव्हे. निदान ४० सेआ पाणी लागतं, म्हणजे कुठल्याही हिशेबाने कित्येक शे लिटर. समुद्रही मिकवे ठरतो.

अंगाला आणि पाण्याला मध्ये काहीही आड येता कामा नये. एका मुलीच्या सोबतीला मी गेले होते. आधी गरम पाण्याने अंघोळ. मग नखं कापली, नेलपॉलिशचा कोपऱ्यात राहिलेला ठिपका कापसाने पुसून काढला. अंगठी निघाली, कानातलं निघालं. चमकी काही केल्या निघेना, लहानपणापासून नाकात होती ती. तिथल्या बाईंनी साबणाचं बोट फिरवून हळूच सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग केस विंचरायचे, म्हणजे गुंता राहत नाही. ती मानेपर्यंत पाण्यात उतरली, दारापलीकडून दायान म्हणजे न्यायाधीशांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. मग पूर्ण बुडी, केसाचं टोकही वर नाही. वर आल्यावर आशीर्वचन म्हणायचं. ते नंतर म्हणतात, कारण ‘आम्हाला आज्ञा केलीस’ हे शब्द आता कुठे तिच्या तोंडी शोभतात. तिचा आवाज फुटत नव्हता. माझ्या मुठीत ती चमकी अजून कोमट होती.

स्त्रीच्या लाजेचा पूर्ण मान राखला जातो. पाण्यात तिच्याजवळ बायकाच असतात.

किती काळ लागतो आणि शिकायचं काय?

ऑर्थोडॉक्स म्हणजे कडक परंपरा पाळणाऱ्या बेथ दीनकडे साधारण एक ते तीन वर्षं, कधी जास्त. हिब्रू वाचता आलं पाहिजे, निदान सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक हाताळता येईल इतकं. सण, उपवास, आशीर्वचनं, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा आणि कोशेर म्हणजे खाण्यापिण्याचे नियम, लग्न झालेल्यांसाठी मासिक पाळीशी निगडित शुद्धतेचे नियम, पुरुषांसाठी तफिलिन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळच्या चामड्याच्या छोट्या पेट्या, हाताला आणि कपाळाला बांधणं. पण पाठांतरापेक्षा ते हे बघतात की तुम्ही हे कुणाबरोबर जगताय. एकट्याने, मोबाइलवर व्हिडिओ बघून यहुदी होता येत नाही. दहा जण जमल्याशिवाय काद्दीश ही गेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थनासुद्धा म्हणता येत नाही असा हा धर्म आहे. म्हणून समाज जिथे आहे तिथे राहायला जा, असं सांगतात. त्यासाठी काहींना नोकरी बदलावी लागली आहे.

शब्बाथ पाळायचा म्हणजे शनिवारी सुट्टी घ्यायची, एवढंच ना?

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधीपासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत ३९ प्रकारची कामं बंद. विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही, लिहायचं नाही, गाडीत बसायचं नाही, विजेचं बटण दाबायचं नाही. मोबाइल ओघानेच गेला. जेवण आधी शिजवून झाकून ठेवायचं.

मुंबई-ठाण्यात याचा अर्थ काय होतो ते डोळ्यांपुढे आणा. सिनगॉगला म्हणजे प्रार्थनामंदिराला लोकलने जायचं नाही, म्हणजे चालत जाता येईल इतक्या अंतरावर घर हवं. कितीतरी ऑफिसांना शनिवारी सुट्टी नसते. परीक्षा शनिवारी येते. सख्ख्या बहिणीचं लग्न शनिवारी येतं. पहिले सहा महिने लोकांना हे बंधन वाटतं. मला विचाराल तर आठवड्यातल्या त्या पंचवीस तासांनीच आम्हाला टिकवलं. कोकणात आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ नाव दिलं. ग्रंथ जवळ नव्हते, रब्बी नव्हते, हिब्रू विसरली होती. शनिवार तेवढा शिल्लक होता.

एक बारीक गोष्ट. गियुर पूर्ण होईपर्यंत उमेदवाराने शब्बाथ शंभर टक्के पाळायचा नसतो. एखादं छोटं काम मुद्दाम करायचं असतं, कारण शब्बाथचा देवाशी असलेला करार अजून त्याचा झालेला नाही. बरेच जण एकदा दिव्याचं बटण दाबतात किंवा दोन अक्षरं लिहितात.

मी मालवणची आहे. कोलंबी सोडावी लागेल का?

लागेल. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं, माकूल सगळं. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच चालतो, म्हणजे बांगडा, पापलेट मिळेल. मुशी नाही. आमच्यात एक जुनी कथा सांगतात. दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला. हे लोक खरंच यहुदी आहेत का हे बघायला त्याने बायकांपुढे मिश्र मासळीची पाटी ठेवली. बायकांनी बिनखवल्याची मासळी बाजूला काढली आणि उरलेली शिजवायला घेतली. त्याची खात्री पटली.

मटण रवंथ करणाऱ्या, दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्याचं, आणि तेही शोहेतने, म्हणजे धर्मनियमाने प्राणी कापणाऱ्याने, कापलेलं. घरी आणलं की अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ चोळून तासभर तिरप्या फळीवर निथळत ठेवायचं आणि तीनदा धुवायचं, कारण रक्त वर्ज्य. अंडं फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. मांस आणि दूध एकत्र नाही. भांडी वेगळी, चमचे वेगळे, घासायचा काथ्याही वेगळा. मटणाला दही लावायचं नाही, वर तुपाची धार नाही, सोबत ताक नाही. पण नारळाचं दूध चालतं. आमचं मटण नारळाच्या दुधातच होतं आणि सोलकढी तर त्याबरोबर हमखास. मराठी चवीला यहुदी स्वयंपाकघरात उपाशी राहावं लागत नाही, हे मी छातीठोक सांगते. शाकाहारी असाल तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे.

घरातल्या देवांचं काय? गणपतीला गावी जाता येईल का?

सगळ्यात जड प्रश्न हाच आहे. लोक तो सगळ्यात शेवटी, आवाज खाली करून विचारतात.

उत्तर सरळ आहे. दुसऱ्या कुठल्याही देवाची पूजा करता येणार नाही. मूर्ती, तसबीर, नवस, आरती, प्रसाद, काहीही. ‘मनात ठेवीन, बाहेर दाखवणार नाही,’ असाही मधला मार्ग नाही. जो माणूस दोन्ही सांभाळायचं म्हणतो त्याला बेथ दीन घेणार नाही, आणि मला वाटतं घेऊही नये. दोन्ही परंपरांचा त्यात अपमान आहे.

वर जिच्या चमकीची गोष्ट सांगितली, तिच्या देवघरात आजीपासून चालत आलेले चांदीचे टाक होते. तिने ते स्वच्छ उजळले, लाल कापडात बांधले आणि साताऱ्याला भावाकडे नेऊन दिले. वहिनीने ते ओंजळीत घेतले. ‘नदीत सोडलेस असतेस तर तुझ्याशी कधी बोलले नसते,’ वहिनी म्हणाली. आजही त्या दोघी रोज फोनवर बोलतात. सोडताना असं सोडावं.

आई-वडिलांशी नातं तुटत नाही. धर्मशास्त्राच्या काटेकोर अर्थाने गेर नव्याने जन्मलेला असला, तरी मैमोनिदीस या बाराव्या शतकातल्या धर्मशास्त्रकाराने स्पष्ट लिहून ठेवलंय की त्याने जन्मदात्यांचा अवमान करू नये, त्यांचा मान ठेवावा, नाहीतर लोक म्हणतील की हा जड पावित्र्याकडून हलक्या पावित्र्याकडे आला. सणावाराला भेटायला जाता येईल का, कुठे बसायचं, काय खायचं, हे आपल्या रब्बीला आधीच विचारून घ्या आणि आईलाही आधीच सांगा. आयत्या वेळी ताटातला मोदक नाकारण्याइतकं दुखावणारं काही नाही. आई-वडील गेल्यावर त्यांच्यासाठी काद्दीश म्हणायला अनेक रब्बींची परवानगी असते.

फक्त लग्नासाठी गियुर चालेल का?

एवढ्याच कारणासाठी आलेल्याला पारंपरिक बेथ दीन घेत नाही. पण प्रेमातून ओळख झाली आणि मग ओढ खरी निघाली, हे रब्बींनाही माहीत असतं. त्यांना एवढंच बघायचं असतं की उद्या हे लग्न मोडलं तरी तुम्ही यहुदी राहाल का. आणखी एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. तुमचा जोडीदार कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातला असेल, तर पारंपरिक नियमाने त्याला गियोरेथशी, म्हणजे गियुर केलेल्या स्त्रीशी, लग्न करता येत नाही. हे शेवटच्या महिन्यात कळलेलं जोडपं मी पाहिलंय.

नुसतं कायदेशीर लग्न करायचं असेल तर भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. बऱ्याच जणांना खरं तर एवढंच हवं असतं.

ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म यांत फरक किती?

रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह बेथ दीन सहसा लवकर आणि सोप्या अटींवर घेतात. रिफॉर्ममध्ये आज्ञांचा अर्थ व्यक्तीच्या विवेकावर बराच सोडलेला असतो. पण ऑर्थोडॉक्स मंडळी तो गियुर मानत नाहीत, म्हणजे एका सिनगॉगमध्ये तुम्ही यहुदी आणि शेजारच्यात नाही. मुंबईतही उदारमतवादी शाखा जुनी आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन उभी केली. कुठल्या दारातून जायचं ते आधी ठरवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

भारतात गियुर करता येतो का?

अवघड आहे. बेने इस्राएलांत परंपरेने रब्बी नव्हते. पूर्वी धर्मविधी करणारे काजी असत, आता प्रार्थना हझ्झान म्हणजे प्रार्थना म्हणणारे चालवतात. गियुर द्यायचा अधिकार त्यांना नाही. त्यामुळे बहुतेकांना परदेशातल्या बेथ दीनकडे जावं लागतं. इस्राएलमध्येही पर्यटक म्हणून जाऊन अर्ज टाकता येत नाही. नागरिक नसलेल्याला आधी एका अपवाद समितीची परवानगी लागते. मणिपूर-मिझोरमच्या बनेई मेनाशे लोकांना २००५ मध्ये इस्राएलच्या सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या परंपरेच्या) मुख्य रब्बींनी इस्राएलचे वंशज म्हणून मान्यता दिली, तरी त्यांना गियुर करावाच लागतो. भारतात सामूहिक गियुर करायला भारत सरकारने हरकत घेतल्यावर तो आता बहुतांशी इस्राएलला पोहोचल्यावर होतो.

भारतीय कायद्याने काय बदलतं?

हा भाग वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिंदू विवाह कायदा यहुद्यांना लागू नाही, आणि विवाहित हिंदू व्यक्तीने धर्म बदलला तर तो जोडीदाराला घटस्फोटासाठी आधार ठरतो. तुमचा स्वतःचा वारसाहक्क धर्म बदलल्याने जात नाही. पण धर्म बदलल्यानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ मुळे मिळत नाही. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, तो जातो. नाव बदललंत तर राजपत्रात नोंद करा.

गियुर केला की इस्राएलचं नागरिकत्व मिळतं का?

परतीचा कायदा १९५० चा. १९७० च्या दुरुस्तीने यहुदी म्हणजे यहुदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा गियुर केलेला, आणि दुसऱ्या धर्मात नसलेला. मान्यताप्राप्त समाजात गियुर केला असेल तर अर्ज करता येतो, पण त्याची कसून छाननी होते. इस्राएलमध्ये झालेले रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह गियुरही नागरिकत्वासाठी धरावेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. लग्नाची गोष्ट निराळी. ते मुख्य रब्बीकार्यालयाच्या हातात आहे आणि तिथे ऑर्थोडॉक्स गियुरच चालतो.

बेने इस्राएलांना स्वतःलाही सिद्ध करावं लागलं होतं, हे खरं का?

खरं आहे. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीकार्यालयाने सूचना काढली की बेने इस्राएलांपैकी कुणाचं इतर यहुद्यांशी लग्न लावायचं तर त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. दोन हजार वर्षं शनिवार पाळल्याची परंपरा सांगणाऱ्या समाजाला ‘तुमची आजी कोण होती?’ असं विचारलं गेलं. १९६४ च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांचं सरकार आणि क्नेसेत म्हणजे संसद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत हे जाहीर झालं आणि रब्बीकार्यालयाला सूचना बदलावी लागली.

ही गोष्ट मी प्रत्येक उमेदवाराला सांगते. दारात उभं करून पारखलं जाणं कसं असतं, हे आमच्या घराघरात माहीत आहे. म्हणून नव्याने आलेल्याला सगळ्यात आधी खुर्ची सरकवून देण्याचं कर्तव्य आमचं आहे.

लहान मुलांचा गियुर होतो का?

होतो, आई-वडिलांबरोबर किंवा दत्तक घेतल्यावर. मुलगी १२ वर्षांची, मुलगा १३ वर्षांचा झाला की ते नाकारायचा हक्क त्यांना असतो.

मन बदललं तर परत फिरता येतं का?

मिकवेच्या आधी कधीही, आणि कुणी नावं ठेवणार नाही. नंतर नाही. पूजा बंद केली, शब्बाथ मोडला, तरी तुम्ही नियम मोडणारे यहुदी असता. म्हणूनच इतका वेळ घेतात.

नाव बदलतं का? पूर्वीचं लपवावं लागतं का?

हिब्रू नाव तुम्हीच निवडता. त्यापुढे बेन अब्राहाम किंवा बाथ सारा लागतं, म्हणजे अब्राहामचा मुलगा, साराची मुलगी. कार्यालयात, सोसायटीत जुनं नाव खुशाल ठेवा. आमचीही आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीच आहेत.

ओबद्या नावाच्या एका गेरने मैमोनिदीसला विचारलं होतं की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांच्या देवा’ असं मी म्हणू शकतो का? माझे पूर्वज तर वेगळे. मैमोनिदीसचं उत्तर होतं की सगळं म्हण, एक शब्दही बदलू नकोस, अब्राहाम तुझाच बाप आहे.

समाज मनापासून स्वीकारतो का?

स्वीकारलं पाहिजे अशी सक्त आज्ञा आहे. तालमूद म्हणतं की गेरला दुखवू नका हे तोरामध्ये ३६ ठिकाणी सांगितलंय, काहींच्या मते ४६. त्याला त्याच्या पूर्वीच्या आयुष्याची आठवण करून देणंही मना आहे. प्रत्यक्षात कुणीतरी विचारतंच, ‘तू मूळची कोण?’ सिनगॉगमध्ये माझ्या शेजारी बसून असं विचारणाऱ्या मावशींना मी हळूच गप्प केलंय. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीच्या, वेळी पोहे-नारळ कालवायला नव्या मुलीला पुढे बोलवावं. हात एकत्र चालले की प्रश्न आपोआप थांबतात.

सुरुवात कुठून करू?

रब्बीला लिहायच्या आधी हिब्रू मुळाक्षरं शिका, २२ आहेत. बेरेशिथ या पहिल्या पुस्तकापासून तोरा वाचा, मराठीत मिळते. जवळच्या सिनगॉगला आधी फोन करून, ओळखपत्र घेऊन जा, सुरक्षेमुळे अनोळखी माणसाला सहज आत सोडत नाहीत. मागच्या बाकावर बसा. कुणी विचारलं तर ‘शिकायला आलोय’ म्हणा. आणि घरी आजच सांगून टाका, बाहेरून कळायच्या आत.